वहिनींनी वजनदार ब्लँकेट का भिरकावलं?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका नणंदेने विचारलंय. वहिनी ३४ वर्षांच्या, वजन ५२ किलो. लग्नाआधी त्यांच्यावर एक वाईट प्रसंग बेतला होता. तपशील घरात कुणी विचारत नाही. भांडं पडलं तरी दचकतात, रात्री तीनला उठून बसतात, कधी हाक मारली तरी शून्यात बघत राहतात. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत, आता त्यांनी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिला जाणारा उपचार, सुचवली आहे. घरच्यांनी व्हिडिओ बघून सात किलोचं वजनदार ब्लँकेट (अंगावर दाब देऊन शांत करतं म्हणतात ते) मागवलं आणि वहिनी झोपेत असताना अंगावर घातलं. त्यांनी किंचाळून ते भिरकावलं, पुढे दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. खाली चार यंत्रमाग, वर घर. हे लहान मुलांचं खूळ आहे का, आणि घरी नेमकं काय करायचं?

सुरुवात ब्लँकेटपासूनच करू. झोपेत, न विचारता, सात किलो अंगावर आलं. ज्या बाईवर कधीकाळी जबरदस्ती झालेली असू शकते, तिच्या शरीराला त्या क्षणी एवढंच कळतं की कुणीतरी दाबून धरलंय आणि हलता येत नाही. ‘अरे, हे तर ब्लँकेट’ असं डोक्यात येईपर्यंत शरीर झटापट करून मोकळंही झालेलं असतं. वहिनींचं काही चुकलं नाही. वजनाचा हिशोबही चुकलाच होता. प्रौढांना साधारण स्वतःच्या वजनाच्या ५ ते १० टक्के धरतात, म्हणजे ५२ किलोला २.६ ते ५.२ किलो. सात किलो म्हणजे साडेतेरा टक्के झाले.

या उपचारात वस्तूला फारसं महत्त्व नसतं. ती कुणाच्या हातात आहे, कधी घ्यायची आणि कधी बाजूला टाकायची हे कोण ठरवतं, यावर सगळं फिरतं. सात किलोंहून हलकं वजन वहिनींनी जागेपणी, खुर्चीत बसून, स्वतःच्या हाताने मांडीवर घेतलं असतं तर कदाचित खांदे सैल पडले असते.

‘लहान मुलांचं खूळ’ ही शंका अगदीच बिनबुडाची नाही. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९६० आणि ७० च्या दशकांत सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे स्पर्श, तोल, आवाज अशा संवेदना मेंदू कशा जुळवतो याची, मांडणी केली, ती शिकण्यात अडचणी येणाऱ्या मुलांवर काम करताना. प्रौढांच्या मानसिक आजारात वापरतात ते त्याचं चुलत भावंड, सेन्सरी मॉड्युलेशन: संवेदना वापरून शरीर शांत किंवा जागं करणं. टीना शॅम्पेन या थेरपिस्टने मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्ण विभागांत ते रुजवलं आणि हेतू होता रुग्णांना बांधणं-कोंडणं कमी करण्याचा. दोन्ही एकच समजून कुणी ३४ वर्षांच्या बाईला रंगीत चेंडूवर उड्या मारायला लावत असेल, तर तिथून उठलेलं बरं.

नावानेही घोळ होतो. ‘ओटी’ म्हटलं की नातेवाईक विचारतात ऑपरेशन कधी आहे, आणि आजी विचारते खण-नारळ आणायचा का. मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणावं तर लोकांना वाटतं नोकरी लावून देतात. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं: अंघोळ, स्वयंपाक, बाजार, कांड्या भरणं, झोप. म्हणून उद्दिष्टही ‘शांत वाटावं’ असं गुळमुळीत ठेवायचं नाही. ‘दीड महिन्यात एकटीने कोपऱ्यावरून भाजी आणता यावी’ असं ठेवायचं. आपल्याकडे हे शास्त्र नवीनही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० सालीच त्याचं शिक्षण सुरू केलं होतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत दोन उलट गोष्टी आहेत. भांडं पडल्यावर दचकणं, रात्री तीनला जाग येणं म्हणजे शरीराचा भोंगा जोरात चालू. हाकेला ओ न देता शून्यात बघणं म्हणजे भोंगाच नव्हे, सगळी वीजच गेलेली. मधला जो पट्टा असतो, जिथे माणूस विचारही करू शकतो आणि भावनाही झेलू शकतो, त्याला डॅनियल सीगल या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९९ साली ‘विंडो ऑफ टॉलरन्स’, म्हणजे सहन होण्याची खिडकी, म्हटलं. आघात सोसलेल्यांची ही खिडकी अरुंद असते. ती ओलांडून माणूस कधी वर जातो, कधी खाली. दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शून्यात गेलेल्या बाईला अंधार, मंद संगीत आणि पांघरूण दिलं तर ती आणखी खोल जाते.

तेव्हा शून्यात असताना दिवा लावा. समोरून, हातभर अंतर ठेवून, नावाने हाक मारा. वाक्यं छोटी ठेवा: ‘वहिनी, मी सुनीता. आज गुरुवार. आपण स्वयंपाकघरात आहोत.’ पाय जमिनीवर टेकवायला सांगा, टाचा दाबायला सांगा. ओला गार रुमाल पुढे धरा, त्यांच्या हातात कोंबू नका. लिंबाची फोड किंवा चिंचेचं बोटूक चालतं, पण त्या बोलायला लागल्यावरच, नाहीतर ठसका लागेल. मग खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायला सांगा. खांदे गदागदा हलवणं, तोंडावर पाणी मारणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं हे सगळं बंद. घरोघरी चालतं हे माहीत आहे, पण आघात झालेल्या शरीराला तो दुसरा हल्लाच वाटतो.

भोंगा चालू असताना याच्या उलट: दाब, जोर, संथ लय (झोपाळ्यासारखी), ऊब. सगळ्यात खात्रीचं म्हणजे स्नायू-सांध्यांना लागणारा जोर. भिंतीला दोन्ही तळवे टेकून, एक पाऊल मागे घेऊन, दहा सेकंद भिंत ढकलायची आणि सोडायची; असं पाच-सहा वेळा. भाकरीचं पीठ तळव्याच्या मुळाने मळणं, ओली चादर दोघींनी दोन टोकांनी पिळणं, यातही तेच मिळतं. ओल्या सोलापुरी चादरीला जेवढं वजन असतं तेवढं बाजारातल्या थेरपीच्या सामानाला क्वचितच असेल. मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: ‘जोराचं काम चांगलं असतं’ हे ऐकून घरचं सगळं धुणं वहिनींच्या गळ्यात घालायचं नाही. त्यांनी मागितलं तर आणि मागितलं तेवढंच. नाहीतर उपचाराच्या नावाखाली घरकामाची सोय होते.

जबड्याचा जोर लोक विसरतात. कडक भाकरी सावकाश चावणं हा भोंगा उतरवण्याचा उत्तम उपाय आहे आणि सोलापुरात तो विकत आणायलाही लांब जावं लागत नाही. चार तुकडे डब्यात ठेवा. सोबत शेंगाची चटणी नको. तिखट जागं करतं, आणि आपल्याला इथे उलट हवंय. (शून्यात गेल्यावर, बोलायला लागल्या की, चालेल.)

श्वासाचे व्यायाम सगळे सुचवतात. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर हे ठीक आहे, पण छाती-पोटाकडे लक्ष देणंच काहींना सहन होत नाही, विशेषतः डोळे मिटून. डोळे उघडे ठेवून, फक्त बाहेर सोडायचा श्वास लांबवायचा. घाबरं होत असेल तर सोडून द्या आणि भिंत ढकला.

आता मांडीवरची वजनदार पट्टी. ब्लँकेटपेक्षा ती आधी का, तर ती हातभर असते, एका हाताने ढकलता येते आणि बसून घेता येते. घरीच शिवा. मांजरपाटाचे दोन तुकडे घ्या, ४२ सेंटिमीटर रुंद, ६२ लांब. चारी बाजूंनी एक सेंटिमीटर शिवणीत जाईल. एक आखूड बाजू उघडी ठेवून तिन्ही बाजू शिवा. मग लांबीच्या दिशेने तीन शिवणी मारा, म्हणजे दहा-दहा सेंटिमीटरच्या चार नळ्या होतात. प्रत्येक नळीत ६० ग्रॅम वाळू सोडा, झटकून तळाला बसवा, दहा सेंटिमीटरवर आडवी शिवण. पुन्हा ६० ग्रॅम, पुन्हा शिवण, असे सहा थर. चोवीस चौकोन, एकूण १,४४० ग्रॅम. वाळू चाळलेली, दोनदा धुतलेली, दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवलेली हवी. ओलसर राहिली तर आठवड्यात वास मारते. वजन चहाच्या कपाने मोजू नका, वाण्याच्या काट्यावर करून घ्या. आडवी शिवण मारण्याआधी वाळू बोटांनी खाली सरकवा, नाहीतर सुई तुटते. चौकोन ठासून भरले की पट्टी विटेसारखी कडक होते, आणि चौकोन न करता एकच पिशवी भरली की सगळी वाळू एका बाजूला घसरते. ज्वारी भरायचा मोह होतो, हाताला छान लागते, पण किडे होतात आणि धुता येत नाही. वरून जुन्या चादरीची खोळ, बटणांची. थेट चादरीत वाळू भरलीत तर विणीतून झिरपेल.

वापरायची पद्धत: पट्टी त्यांच्या शेजारी ठेवा आणि बाजूला व्हा. घ्यावीशी वाटली तर त्या घेतील. पहिल्यांदा पाच मिनिटं, जमलं तर पुढे १५ ते २०. घेण्याआधी आणि नंतर शून्य ते दहा यातला एक आकडा त्यांनी स्वतः वहीत लिहायचा. शून्य म्हणजे निवांत, दहा म्हणजे असह्य. आठ-दहा वेळा वापरूनही आकडा हलत नसेल तर पट्टी त्यांच्या कामाची नाही, दुसरं काही शोधा. आकडा वाढत असेल तर त्याच दिवशी बंद. दमा, झोपेत श्वास अडकणं, हृदयविकार, गरोदरपण, मणक्याचं दुखणं किंवा मधुमेहाने पाय बधिर असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसलंच वजन नको.

मागांचा प्रश्न वेगळा आहे. मागाचा खडखडाट ९० डेसिबलच्या पुढे असतो, तेव्हा आधी वहिनींची श्रवण तपासणी करून घ्या. कमी ऐकू येत असेल तर ‘हाक मारली तरी लक्ष नाही’ यातला काही भाग कानाचाच निघेल. दुसरं, नीट बघितलंत तर एकसारखा आवाज त्यांना फारसा त्रास देत नसेल. त्रास होतो तो अचानक सुरू होण्याचा, किंवा वीज गेल्यावर एकदम पडणाऱ्या शांततेचा. त्यावर फुकटातला उपाय आहे: माग चालू करण्याआधी खालून हाक द्यायची, रोज त्याच शब्दांत. पुढे काय होणार हे आधी कळणं हीच आघात सोसलेल्या माणसाची मोठी गरज असते. जिन्यात जाड चादर टांगून आवाज थांबत नाही, फक्त घुमणं थोडं कमी होतं. मागाखाली रबरी पॅड असतील तर ते झिजलेत का बघा.

कानात बोळे दिवसभर नकोत. एक तर कान आणखी हळवे होतात. शिवाय ज्याला सतत सावध राहावं लागतं त्याला मागून कोण येतंय हे ऐकू न येणं जास्त भीतिदायक असतं. ठरावीक अर्धा-पाऊण तास, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे करून बसल्यावर, ठीक आहे. जानेवारीत गड्डा यात्रा येते. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम वहिनींनी ‘सवय व्हावी म्हणून’ बघायला जावं असा आग्रह घरात कुणीतरी धरेल. नको. सकाळी गर्दी कमी असताना सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन परत या, परतीची वाट आधी ठरवून.

वासाबाबत मी फार सावध राहीन. लव्हेंडरच्या बाटल्या सर्रास सुचवल्या जातात, पण गंधाची वाट मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागाला फार जवळून जाते. तंबाखू, दारू, एखादं तेल, मोगरासुद्धा, त्या प्रसंगाशी कशाची गाठ पडली आहे हे वहिनींनाही आधी ठाऊक नसतं. वास द्यायचा तर बंद डबीत, त्यांनीच निवडलेला, त्यांनीच उघडायचा. खोलीभर अगरबत्ती नाही.

आता औषधं आणि सोलापूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ पर्यंत जातो. मनोविकारांवरची काही औषधं घाम येणं आणि शरीराचं तापमान सांभाळणं बिघडवतात; अशा वेळी अंगावर वजन किंवा जाड पांघरूण धोक्याचं. उन्हाळ्यात पट्टी फक्त पहाटे किंवा रात्री, पंख्याखाली. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर घामाने पाणी कमी होऊन रक्तातलं त्याचं प्रमाण वाढू शकतं. हात जास्त थरथरणं, जुलाब, तोल जाणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंडावर गार पाणी घेतल्याने नाडी मंदावते हे खरं, म्हणून तो उपाय लोकप्रिय आहे. पण हृदयाचा त्रास असेल किंवा प्रोप्रॅनोलॉल (नाडी मंदावणारी गोळी) चालू असेल तर आधी विचारा. झोपाळ्यावरून उठताना चक्कर येत असेल तर एक मिनिट बसून मग उठायचं. आणि नवी गोळी सुरू झाल्यावर पायांत वळवळ, एका जागी बसवत नाही असं झालं, तर ती घबराट समजून भिंती ढकलत बसू नका. तो औषधाचा परिणाम असू शकतो, त्याला अ‍ॅकॅथिजिया म्हणतात, आणि त्यावर डॉक्टरांकडेच इलाज आहे.

थेरपिस्टकडे काय होईल? राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आहे का, हे आधी विचारा. विचारण्यात गैर काही नाही. पहिल्या भेटीत ‘काय झालं होतं ते सांगा’ अशी सुरुवात झाली तर ती चुकीची सुरुवात आहे. त्या प्रसंगाचा तपशील या कामाला लागतच नाही. कुठल्या खुर्चीत बसायचं, दार उघडं की लोटलेलं, सोबत कोण, हे वहिनींना विचारलं जायला हवं, आणि प्रत्येक स्पर्शाआधी परवानगी. मग बहुधा कॅटाना ब्राउन आणि विनी डन यांची २००२ ची प्रश्नावली येईल. तीत ६० प्रश्न असतात आणि चार प्रकारच्या सवयी तपासल्या जातात: संवेदना उशिरा जाणवणं, मुद्दाम शोधणं, चटकन टोचणं आणि टाळणं. एकच माणूस आवाजाला टाळणारा आणि दाबाला शोधणारा असू शकतो. तिची मानकं अमेरिकन लोकांवरची आहेत, म्हणून गुणांपेक्षा त्यातून निघणाऱ्या गप्पा मोलाच्या. वहिनींचं माहेरचं बोलणं तेलुगू किंवा कन्नड असेल तर ‘छातीत कसं होतं’ हे त्यांना त्याच भाषेत सांगू द्या, आणि दुभाषी म्हणून नवरा किंवा नणंद नको. हो, तुम्हीसुद्धा नको.

पुराव्याचं म्हणाल तर अभ्यास बरेचसे लहान आहेत. माणसाला स्वतःला वाटणारी तगमग कमी होते हे त्यांत पुन्हा पुन्हा दिसतं. वॉर्डांत कोंडणं-बांधणं कमी होतं का, याचे निष्कर्ष संमिश्र आहेत. मूळ आघातावरचा उपचार हा नव्हे. त्यासाठी आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावरची संवादचिकित्सा) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवणींवर काम करणारी चिकित्सा) आहे, आणि तिथे टिकून बसता यावं इतकी खिडकी रुंद करायला ही थेरपी उपयोगी पडते. गोळ्या याच्या भरवशावर कमी करायच्या नाहीत.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारणं भाग आहे. आत्ता, या घरात, वहिनी सुरक्षित आहेत ना? धाक, मारहाण, नको असलेला स्पर्श यातलं काहीही चालू असेल तर दचकणं हा आजार नाही, इशारा आहे, आणि तो बंद करायला पट्ट्या शिवून देणं अन्यायाचं होईल. हे थेरपिस्ट त्यांना एकटीला विचारतील. तेव्हा तुम्ही बाहेर बसा.

कधी दाखल व्हायची वेळ आलीच, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे रुग्णाला एकटं कोंडून ठेवता येत नाही, साखळीने बांधता येत नाही. तात्काळ धोका टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच धरून-बांधून ठेवता येतं, तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने. आपल्याला कसं वागवलं जावं हे आगाऊ लिहून ठेवायचा हक्कही त्यात आहे. ‘मनगट धरू नका, आधी पाणी विचारा’ असं एक वाक्यसुद्धा वॉर्डातल्या नर्सला फार कामाचं असतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर थेरपीच्या तारखेची वाट बघू नका: लगेच डॉक्टर, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, चोवीस तास आणि मोफत.

पहिल्या भेटीला आकड्यांची वही, गोळ्यांची चिठ्ठी आणि श्रवण तपासणीचा कागद न्या. ते सात किलोचं ब्लँकेट परत पाठवायचं की ठेवायचं, हे वहिनींना विचारा. ठेवा म्हणाल्या तर घडी करून त्यांच्याच कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा.